समांगी की विषमांगी? मिश्रणांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवीच्या विज्ञानात मिश्रणांचा विषय निघाला की कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या क्लासमध्ये पंधरा दिवस एकच करमणूक चालते. पोरं दिसेल ती वस्तू पुढं करून विचारतात, "मॅडम, हे समांगी की विषमांगी?" खडू, चहा, घाम, शाई, एकदा तर कोल्हापुरी चप्पल. चपलेचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. बाकी जे प्रश्न दरवर्षी येतात आणि पोरांना सोडायला आलेले पालक दारात उभं राहून जे विचारतात, ते इथं एकत्र केलेत. ओळीनं वाचायलाच हवेत असं काही नाही. दुधाचा प्रश्न मात्र सोडू नका, मार्क तिथंच जातात.

थोडक्यात फरक काय?

मिश्रणात कुठंही चमचा घाला. प्रत्येक चमच्यात घटकांचं प्रमाण तेच निघालं तर मिश्रण समांगी, चमच्यागणिक बदललं तर विषमांगी. मीठ विरघळलेलं पाणी वरचं घ्या नाहीतर तळचं घ्या, खारटपणा तोच. भेळेचा पहिला आणि शेवटचा घास कधी सारखा लागतो का? शेवटी कागदाच्या कोपऱ्यात चिंचेचं पाणी आणि दोन शेंगदाणे उरतात.

हा चमचा केवढा घ्यायचा, यावर पुढचे निम्मे प्रश्न अवलंबून आहेत.

पाण्यातही हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतात. मग पाणी समांगी मिश्रण का नाही?

कारण ते मिश्रणच नाही, संयुग आहे. पाण्यात वजनानं १ भाग हायड्रोजन आणि ८ भाग ऑक्सिजन असतो. पंचगंगेचं पाणी असो की डोंगरातल्या झऱ्याचं, शुद्ध करून तपासलं की हाच हिशेब. सरबतात साखर एक चमचा घालायची की चार, हे आपल्या हातात असतं. प्रमाण हवं तसं बदलता येणं ही मिश्रणाची पहिली खूण.

दुसरी खूण अशी की मिश्रणात घटक आपापले गुण सोडत नाहीत. उद्यमनगरात कुणाचं वर्कशॉप असेल तर लेथखालचा बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, बारीक चुरा थोडा मागून आणा आणि त्यात गंधकाची पूड मिसळा. लोहचुंबक फिरवला की लोखंड उचललं जातं, पिवळी पूड खाली राहते. हे झालं मिश्रण. शुद्ध लोखंडाचा कीस वजनानं ७ भाग आणि गंधक ४ भाग घेऊन चांगलं तापवलं की काळं आयर्न सल्फाइड तयार होतं. त्यातलं लोखंड मग चुंबकानं वेगळं काढता येत नाही, कारण ते लोखंड म्हणून उरलेलंच नसतं. तापवायचा भाग शाळेच्या प्रयोगशाळेतच करायचा. घरी केलात तर वासानंच पकडले जाल.

मिसळ कशात बसवायची?

हा प्रश्न कोल्हापुरातच येतो आणि दरवर्षी येतो. विषमांगी, हे उत्तर शेंबडं पोरगंही देईल. शेव वेगळी दिसते, मटकी वेगळी, कांदा वेगळा. पण नुसत्या कटाची वाटी समोर घेऊन बसा, खरी गंमत तिथं आहे.

वाटी दोन मिनिटं हलवू नका. वर लालभडक तर्री येते, खाली मातकट रंगाचा रस्सा राहतो. तेलाची घनता पाण्यापेक्षा कमी, म्हणून ते वर तरंगतं हे ठीक. पण सगळा लाल रंग तेलातच का? मिरचीतली लाल रंगद्रव्यं तेलात विरघळतात, पाण्यात जवळजवळ नाहीत. कांदा-लसूण मसाला आधी तेलात परतायचा, पाणी मागून, हे घरातल्या बायकांना ठाऊक असतंच. रंग उतरतो तो तिथं. मिरचीचा तिखटपणा देणारा घटकही तेलाच्याच बाजूचा, म्हणून तर्री मागून घेणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी येतं. मीठ मात्र खालच्या रस्स्याच्या पाण्यात.

आता नीट बघा. तर्रीचा निवळ थेंब चमच्यात घेतला तर तेलात रंग विरघळलेलं ते समांगी मिश्रण आहे. खालच्या पाण्यातलं विरघळलेलं मीठही समांगी. अख्खी वाटी मात्र विषमांगी. एका विषमांगी मिश्रणाच्या पोटात अशी समांगी मिश्रणं नांदतात. त्यांच्यामध्ये सीमारेषा आहे की नाही, एवढंच बघायचं असतं. या प्रत्येक समांगी भागाला रसायनशास्त्रात प्रावस्था म्हणतात.

एकसारखं दिसलं म्हणजे समांगी, हा नियम चालेल ना?

सुरुवातीला चालतो, पुढं फसवतो. रक्त, दूध, टूथपेस्ट हे सगळं एकसारखंच दिसतं आणि सगळंच विषमांगी आहे. रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरा, पेशी सुट्या सुट्या तरंगताना दिसतील. डोळा हा तसा ढोबळ चमचा आहे. केसाच्या जाडीपेक्षा फार लहान काही त्याला वेगळं काढता येत नाही.

दूध समांगी की विषमांगी?

विषमांगी. परीक्षेत हेच लिहा, आणि पुढं 'कलिल' हा शब्द जोडा; त्याचा अर्थ खाली येतोच.

आता कारण. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हशीची धार काढून फेसाळ ग्लास हातात देतात. तो ग्लास पांढराशुभ्र, एकजीव दिसतो. तेच दूध तापवून रात्रभर ठेवा, सकाळी वर जाड साय. साय काही बाहेरून आली नाही. दुधातलं तूप बारीक बारीक थेंबांच्या रूपात आधीपासूनच तरंगत होतं, रात्रभरात वर जमा झालं. म्हशीच्या दुधात स्निग्धांश साधारण ६ टक्के आणि त्याहून जास्त, म्हणून साय एवढी धरते. जो पदार्थ नुसता ठेवल्यावर थर धरतो, त्याला समांगी म्हणायचं धाडस करू नये.

दुधात तीन गोष्टी एकदम चाललेल्या असतात. स्निग्धांशाचे थेंब, त्यांच्याहून बरेच लहान असे प्रथिनांचे पुंजके, आणि पाण्यात खरोखर विरघळलेली दुधातली साखर व क्षार. सगळी साय काढून घेतली तरी दूध पांढरट राहतं, किंचित निळसर झाक येते, ती या प्रथिनांच्या पुंजक्यांमुळं. लिंबू पिळलं की हेच पुंजके एकमेकांना चिकटतात आणि दूध फाटतं.

पण पिशवीवर तर 'होमोजिनाइज्ड' छापलेलं असतं!

छापलेलं असतं, आणि त्यावरून दरवर्षी माझ्याशी वाद घालणारं एक तरी पोरगं निघतं. पिशवी घेऊनच येतं. मला असं पोरगं आवडतं.

१८९९ मध्ये ऑगस्ट गॉलँ या फ्रेंच माणसानं एका यंत्राचं पेटंट घेतलं. दूध प्रचंड दाबानं अगदी अरुंद फटीतून ढकलायचं, म्हणजे स्निग्धांशाचे थेंब फुटून फार लहान होतात. मूळचे थेंब मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढे असतात, या प्रक्रियेनंतर बहुतेक थेंब त्या एका हजाराव्या भागाच्याही खाली जातात. एवढे लहान थेंब वर यायला फार वेळ घेतात, म्हणून पिशवीतल्या दुधावर साय कमी धरते आणि पहिल्या कपापासून शेवटच्या कपापर्यंत दाटपणा सारखा राहतो. दूधवाल्यांच्या भाषेत ते एकजीव झालं. रसायनशास्त्राच्या भाषेत थेंब अजून थेंबच आहेत, विरघळलेले नाहीत, म्हणून ते विषमांगीच.

धंद्यातला शब्द आणि शास्त्रातला शब्द एकच असला की असा घोळ होतो. चूक पोरांची नाही.

कलिल म्हणजे नेमकं काय?

द्रावण आणि निलंबन यांच्या मधलं. फरक कणांच्या आकाराचा. द्रावणात कण १ नॅनोमीटरपेक्षा लहान, म्हणजे सुटे रेणू किंवा आयन. कलिलात साधारण १ ते १००० नॅनोमीटर. त्याच्या वर निलंबन, ज्याचे कण ठेवलं की तळाशी बसतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आकाराच्या या सीमा पाटीवर आखलेल्या रेघा आहेत, निसर्गात त्या तितक्या ठसठशीत नसतात. दुधातलेच काही थेंब १००० नॅनोमीटरच्या पुढचे असतात, म्हणून कुणी दूध वर्गाबाहेर काढत नाही.

इंग्रजीत कलिलासाठी जो शब्द आहे तो थॉमस ग्रॅहम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञानं १८६१ मध्ये रूढ केला, ग्रीक भाषेतल्या 'डिंक' या अर्थाच्या शब्दावरून. पण कलिलं खरंच विषमांगी असतात का, यावर पुढं कित्येक वर्षं खल चालला, कारण साध्या सूक्ष्मदर्शकातून हे कण दिसतच नाहीत. रिचर्ड झिग्मोंडी यांनी सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचं लाल पाणी घेतलं, बाजूनं झगझगीत प्रकाश सोडला आणि कण सुट्या चमचमत्या ठिपक्यांसारखे दाखवून दिले. कलिल द्रावणं विषमांगी असतात हे सिद्ध केल्याबद्दल त्यांना १९२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा हा प्रश्न अवघड वाटला तर वाईट वाटून घेऊ नका.

सोन्याचं पाणी लाल कसं, हा पुढचा प्रश्न. कण एवढे लहान झाले की प्रकाशाशी त्यांचं वागणं बदलतं. गुजरीतल्या सराफाकडच्या सोन्याच्या साजाचा पिवळा रंग मोठ्या तुकड्याचा असतो.

टिंडाल परिणाम आम्ही पाठ केलाय, पण दिसतो कुठं?

अंबाबाईच्या देवळात. नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखेला आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत किरणोत्सव असतो. मावळतीची किरणं महाद्वारातून शिरून गाभाऱ्यापर्यंत जातात. पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, मग मध्यभागी आणि तिसऱ्या दिवशी मुखावर येतात, अशी रचना. गर्दीत उभं राहून सगळे मूर्तीकडे बघत असतात, आणि तेच बरोबर आहे. पण एकदा मधल्या हवेकडे बघा. सोनेरी पट्टा स्वच्छ दिसतो. प्रकाश स्वतः बाजूनं दिसत नसतो. दिसते ती हवेत तरंगणारी धूळ, धूप-कापराचा धूर, बाष्पाचे थेंब; त्यांच्यावर आपटून प्रकाश आपल्या डोळ्यांकडं वळतो. हाच टिंडाल परिणाम. हवेत धूळ आणि बाष्प जास्त झालं की तेवढाच प्रकाश वाटेत विखुरतो आणि गाभाऱ्यात पोचणारी किरणं मंदावतात. किरणोत्सव पूर्ण झाला की नाही याच्या बातम्यांत ढग, धूळ, आर्द्रता यांचा उल्लेख येतो तो यामुळं.

म्हणजे निव्वळ हवा हे समांगी मिश्रण: सुमारे ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन, १ टक्क्याच्या आत-बाहेर आरगॉन आणि थोडं इतर काही. त्यात धूर किंवा धुकं मिसळलं की विषमांगी. पावसाळ्यात पन्हाळ्यावर गाडीचा दिवा लावल्यावर समोर जी पांढरी भिंत उभी राहते, ती हीच.

पुराच्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात. त्यानं नक्की होतं काय?

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात निम्मं शहर पाण्यात आणि नळाला पाणी नाही, ही आठवण इथल्या प्रत्येक घरात आहे. आमच्याकडं धुण्याभांड्यांसाठी एक बादली गढूळ पाणी भरून ठेवलं होतं. सकाळी तळाशी बोटभर गाळ बसला, तो निलंबनाचा भाग. वरचं पाणी मात्र दुसऱ्या दिवशीही चहासारखंच. आई म्हणाली, "आणि थांब, बसंल." चार दिवस थांबले असते तरी ते बसलं नसतं.

मातीचे अगदी बारीक कण कलिल स्वरूपात तरंगतात. त्यांच्या पृष्ठभागावर ऋण प्रभार असतो, सगळ्यांवर सारखाच, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलत राहतात आणि गोळा होत नाहीत. तुरटीतून पाण्यात धन प्रभाराचे ॲल्युमिनियमचे आयन येतात, शिवाय कापसासारखा एक चिकट पुंजका तयार होतो. प्रभार फिटला की कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी जातात. तुरटीचा खडा दोन-चार वेढे फिरवला आणि अर्ध्या तासात बादलीचा तळ दिसायला लागला.

एक गोष्ट इथं ठासून सांगते, कारण पालकही चुकतात. तुरटीनं पाणी निवळतं, पिण्याजोगं होतंच असं नाही. विरघळलेले क्षार, रसायनं हे द्रावणाचे घटक; ते ना तळाशी बसतात, ना फडक्यात अडकतात. जंतूही सगळे जात नाहीत. निवळ आणि शुद्ध हे दोन वेगळे शब्द आहेत. जंतू मारायला उकळणं किंवा क्लोरीन याला पर्याय नाही.

गुऱ्हाळावर सहल नेता, त्याचा या धड्याशी काय संबंध?

एका पालकांनी हे जरा रागानंच विचारलं होतं. उत्तर लांब आहे.

माझं माहेर करवीर तालुक्यातलं, घराच्या मागंच गुऱ्हाळ होतं. घाण्यातून पडलेला उसाचा रस तुम्ही बघितलाय: हिरवट-करडा, गढूळ. त्या एका रसात धड्यातले तिन्ही प्रकार एकदम असतात. साखर पाण्यात विरघळलेली, ते द्रावण. प्रथिनं, डिंकासारखे पदार्थ, मेण, हे कलिल. आणि चिपाडांचा भुसा, माती, हे निलंबन. चांगला गूळ करायचा म्हणजे यातलं पहिलं ठेवायचं आणि बाकी दोन काढून टाकायची. गुळव्या हे शब्द वापरत नाही, काम मात्र हेच करतो.

भुसा गाळण्यात जातो. तिथं डोक्याचं काम नाही. कलिल मात्र कुठल्याही फडक्यातून निघून जातं, म्हणून त्याला आधी मोठं करावं लागतं. काहिलीत रस तापायला लागला की त्यात थोडा चुना पडतो, आणि रानभेंडीची ताटं ठेचून काढलेला चिकट रस. उष्णतेनं प्रथिनं गोठतात, चुन्यानं रसाचा आंबटपणा मोडतो, भेंडीचा चिकटा बारीक कणांना गुंडाळून घेतो. पुराच्या बादलीत तुरटीनं जे केलं त्याचाच हा भाऊबंद, फक्त इथं गोळा झालेला मळ बुडबुड्यांबरोबर वर येतो. काळपट-हिरवी जाड मळी. ती झाऱ्यानं एकसारखी काढत राहायची. मळी नीट निघाली नाही तर गूळ काळा पडतो आणि टिकत नाही.

मी सातवीत असताना काहिलीच्या कडेला उभी होते. मळी काढल्यावर खालचा रस एकदम बदललेला दिसला, पातळ मधासारखा, आरपार. तोवर मला ऊस म्हणजे गढूळच वाटायचा. आता वर्गात द्रावण पारदर्शक असतं हे वाक्य सांगताना माझ्या डोळ्यांसमोर ती काहील येते.

पुढं पाणी आटतं. पाक शंभर अंशांच्या वर चढतो, कारण द्रावण जितकं दाट तितका उत्कलनबिंदू वर. १०५ अंशांच्या पुढं काकवी, ११८ च्या आसपास गूळ. गुळव्याकडं थर्मामीटर नसतो. तो चिमूटभर पाक गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी करतो, आणि गोळी पटली की हाळी देतो, चार माणसं धावतात, काहील वाफ्यात, म्हणजे गूळ गार करायच्या उथळ हौदात, ओततात. वाफ्यात घोटताना त्या पारदर्शक पाकाचा रंग बघता बघता फिका, दाणेदार होतो. साखरेचे स्फटिक वेगळे व्हायला लागतात. द्रावण गेलं, पुन्हा विषमांगी.

म्हणजे गूळ विषमांगी? आणि साखर?

ढेप फोडून भिंगातून बघा. बारीक चकाकणारे स्फटिक आणि त्यांना धरून ठेवणारा चिकट, तपकिरी पाक दिसेल. गूळ विषमांगी मिश्रण. कारखान्यातली पांढरी साखर जवळजवळ शुद्ध संयुग, सुक्रोज. तिथं तोच दाट पाक गरगर फिरणाऱ्या जाळीच्या पिंपात घालतात, स्फटिक आत राहतात आणि मळी बाहेर फेकली जाते. धड्यातलं 'अपकेंद्रन' ते हेच. कारखान्याची मळी आणि काहिलीवरची मळी या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत, शब्द एकच. त्यात काकवीची बाटली घरात पडून राहिली की तळाशी साखर धरते, ते तिसरंच प्रकरण.

पाण्यात किती साखर घातली तर मिश्रण विषमांगी होईल?

साध्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात साधारण २०० ग्रॅम साखर विरघळते, मीठ मात्र ३६ ग्रॅमच्या आसपासच. त्यापुढचं तळाशी राहतं. तळाशी दाणा दिसला की ग्लास विषमांगी, वरचं पाणी समांगी.

संमिश्रं, म्हणजे धातूंची मिश्रणं, सगळी समांगी असतात ना? सर्वांच्या नोट्समध्ये तसं आहे.

परीक्षेसाठी हो. खरं उत्तर जास्त मजेशीर आहे. २२ कॅरेट सोन्यात ९१.६ टक्के सोनं, बाकी तांबं-चांदी; ती सोन्यात आण्विक पातळीवर मिसळून जातात, म्हणून ते खरंच समांगी, घन अवस्थेतलं द्रावण. चांदीत तांबं तसं मिसळून राहत नाही. ९२.५ टक्के चांदी आणि उरलेलं तांबं वितळलेलं असताना एकजीव असतं, पण सावकाश थंड झालं की तांबं चांदीत मावत नाही आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन प्रकारचे भाग दिसतात. हुपरीच्या पैंजणात नुसत्या डोळ्यांना यातलं काही कळत नाही.

आणि बीड. शिरोलीच्या फाउंड्रीत ओतलं जातं ते, कार्बन साधारण २ ते ४ टक्के. तुटलेल्या तुकड्याचा करडा रंग बघा. त्यातला बराचसा कार्बन ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात लोखंडात विखुरलेला असतो, पेन्सिलीत असतं तेच ग्रॅफाइट. लेथवर पोलाद लावलं की लांब गुंडाळी निघते, बीडाचा चुरा पडतो, कारण प्रत्येक पापुद्रा म्हणजे आयती भेग. कारागिराला हे हाताला कळतं. पुस्तकानं समांगी म्हटलं तरी बीड विषमांगी आहे.

पेट्रोलमध्ये इथेनॉल घालतात, ते वेगळं होत नाही का?

कोरडं असेल तोवर नाही. पेट्रोल आणि २० टक्के इथेनॉल हे समांगी मिश्रण. पण टाकीत पाणी शिरलं की इथेनॉलला पाणी जास्त जवळचं. पुरेसं पाणी झालं की ते पेट्रोल सोडून पाण्याबरोबर जातं आणि दोघं मिळून तळाशी थर करतात. इंजिनाला पेट्रोल जातं ते टाकीच्या तळातून. भावाची मोटारसायकल मागच्या पावसाळ्यात अशीच धक्के खात बंद पडली. मिस्त्रीनं टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून दाखवलं, आडवी रेघ लख्ख दिसत होती. ती बाटली मी मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात नेली.

गोटी सोडा?

गोटी दाबेपर्यंत समांगी. दाबली की बुडबुडे, म्हणजे विषमांगी.

मिक्सरला फिरवून विषमांगीचं समांगी करता येतं का?

कण लहान होतात, विरघळत नाहीत. पांढऱ्या रस्स्यासाठी काजू-खसखस कितीही गंधासारखी वाटली तरी रस्सा विषमांगीच राहतो, आणि जोरात उकळला की नारळाचं दूध फुटून ते सिद्धही करतो.

घरी एका संध्याकाळी काय करून बघता येईल?

तीन काचेचे पेले, पाणी, साखर, दूध, चिमूटभर परसातली माती आणि मोबाइलचा टॉर्च. पहिल्या पेल्यात दोन चमचे साखर पूर्ण विरघळवा. दुसऱ्यात दुधाचे दोन-तीनच थेंब, जास्त नको. तिसऱ्यात माती ढवळा. काळ्या कागदात टाचणीनं भोक पाडून तो टॉर्चवर लावा, खोलीत अंधार करा आणि प्रकाश पेल्याच्या एका बाजूनं सोडा.

साखरेच्या पेल्यात वाट जवळजवळ दिसणार नाही. दुधाच्या पेल्यात झळझळीत पट्टा दिसेल, बाजूनं बघितलं तर निळसर. आता पेल्याच्या पलीकडून सरळ टॉर्चकडे बघा, उजेड पिवळसर-तांबूस वाटेल. मातीचा पेला हलवू नका, तसाच झाकून ठेवा. सकाळी तळाशी गाळ असेल आणि वरचं पाणी नितळ दिसेल. टॉर्च लावा, त्या नितळ पाण्यातही पट्टा उमटेल.